'टेन' ऐकायला येताय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर 27 ऑगस्टला आम्ही दहा-पंधरा जण दादरला माझ्या घरी जमतो आणि पर्ल जॅम या अमेरिकन रॉक बँडचा पहिला अल्बम 'टेन' पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत सलग ऐकतो. मध्ये कोणी बोलत नाही, फोन बघत नाही. साधारण 53 मिनिटं. दर वर्षी कोणी ना कोणी नवीन येतं, कोणाची भाची, कोणाचा ऑफिसातला मित्र. त्यांचे प्रश्न बहुतेक सारखेच असतात, पण उत्तरं देताना आम्हा जुन्या लोकांमध्येच वाद सुरू होतो आणि नवखा माणूस बिचारा बाजूला राहतो. म्हणून हे एकदा लिहून ठेवतेय.

27 ऑगस्टच का?

1991 साली त्याच तारखेला हा अल्बम अमेरिकेत बाहेर आला.

नाव 'टेन', पण गाणी तर अकरा आहेत. हिशोब कसा लागतो?

गाण्यांच्या संख्येशी नावाचा संबंध नाही. सिअ‍ॅटलमध्ये हा बँड जमला तेव्हा त्यांनी स्वतःचं नाव मूकी ब्लेलॉक ठेवलं होतं. हा अमेरिकेतला नावाजलेला बास्केटबॉलपटू. बेस वाजवणारा जेफ अ‍ॅमेंट स्वतः बास्केटबॉलचा वेडा. रेकॉर्ड कंपनीशी करार झाल्यावर जिवंत खेळाडूचं नाव वापरणं अडचणीचं होतं, म्हणून नाव बदलून पर्ल जॅम झालं. पण ब्लेलॉकच्या जर्सीवर 10 आकडा होता, तो त्यांनी अल्बमला दिला.

हे लोक एकत्र आले कसे?

इथे जरा थांबून सांगते, कारण ही गोष्ट माहीत नसेल तर गाणी अर्धीच ऐकू येतात.

गिटारवादक स्टोन गॉसर्ड आणि जेफ अ‍ॅमेंट आधी मदर लव्ह बोन नावाच्या बँडमध्ये होते. त्यांचा गायक अँड्र्यू वुड मार्च 1990 मध्ये हेरॉइनच्या अतिसेवनाने गेला. वय 24. त्यांचा पहिला मोठा अल्बम तेव्हा तयार होऊन बाहेर पडायच्या बेतात होता. सगळं जिथल्या तिथे थांबलं. काही महिन्यांनी गॉसर्डने पुन्हा वाजवायला सुरुवात केली, माइक मॅक्रेडी हा दुसरा गिटारवादक सोबत आला, आणि गायक नसलेल्या, नुसत्या वाद्यांच्या पाच चाली एका कॅसेटवर भरल्या गेल्या. ड्रमर जॅक आयर्न्सच्या हातून ती कॅसेट कॅलिफोर्नियातल्या सॅन डिएगोला, एडी व्हेडर नावाच्या मुलाकडे पोचली. तो रात्रपाळीची नोकरी करायचा आणि दिवसा समुद्रात सर्फिंग. त्याने रात्री चाली ऐकल्या, सकाळी पाण्यात उतरला, शब्द डोक्यात जुळवले, घरी येऊन त्यातल्या तीन चालींवर स्वतःचा आवाज भरला आणि कॅसेट परत पाठवून दिली. त्या तिन्ही गाण्यांची मिळून एकच कथा आहे. 'अलाइव्ह' आणि 'वन्स' ही दोन या अल्बमवर आहेत. तिसरं, 'फुटस्टेप्स', अल्बमवर नाही.

ऑक्टोबर 1990 मध्ये व्हेडर सिअ‍ॅटलला गेला. 22 ऑक्टोबरला त्यांचा पहिला कार्यक्रम झाला. म्हणजे एकमेकांची ओळख पुरती होण्याआधीच हे लोक मंचावर होते. पुढच्या मार्च-एप्रिलमध्ये अल्बम रेकॉर्ड झाला. तेव्हाचा ड्रमर डेव्ह क्रुसेन रेकॉर्डिंग संपल्यावर लगेच व्यसनमुक्तीच्या उपचारांसाठी बाहेर पडला. अल्बमभर त्याचाच हात आहे, आणि मला तो फार आवडतो. गाण्याला ढकलत नाही, पाठीवर हात ठेवून चालवतो.

मित्र गमावलेली माणसं आणि बाप गमावलेला गायक. (त्या बापाबद्दल पुढच्याच प्रश्नात.) ऐकताना एवढं लक्षात असू द्या.

'अलाइव्ह' म्हणजे जगण्याचा उत्सव, बरोबर ना?

आज आहे. लिहिलं तेव्हा नव्हतं. आमच्या बैठकीत सगळ्यात जास्त बोललं जाणारं गाणं हेच.

व्हेडर ज्याला वडील समजून वाढला तो सावत्र बाप होता. खरे वडील त्याला घरी येणारे ओळखीचे गृहस्थ म्हणून माहीत होते. खरं काय ते वाढत्या वयात त्याला कळलं तेव्हा ते आजाराने जाऊन चुकले होते. गाण्यातली आई मुलाला हेच सांगते. मग मुलाच्या तोंडी येणारं 'मी अजून जिवंत आहे' हे वाक्य आनंदाचं कसं असेल? तो गेला, मी उरलो, आता या उरण्याचं करू काय, असा तो सूर आहे. (पुढच्या कडव्यात कथा आणखी काळी होते, तो भाग कल्पित आहे.)

पण कार्यक्रमांमध्ये लोक ते वाक्य हात उंचावून, घसा फोडून म्हणायला लागले. गाण्यातली कथा बहुतेकांना ठाऊक नव्हती. प्रत्येक जण आपापल्या जगण्याबद्दल ओरडत होता. 2006 मध्ये एका टीव्ही कार्यक्रमात व्हेडरने सांगितलं, की हे वाक्य त्याच्यासाठी शापासारखं होतं, आणि श्रोत्यांनी ते असं गाऊन त्याचा अर्थच बदलला. शाप उतरवला.

चाहत्यांच्या वेडाबद्दल लोक काहीबाही बोलतात. पोरकटपणा, नादिष्टपणा वगैरे. मी त्यांना ही गोष्ट सांगते. भजनात बुवा ओळ टाकतात आणि टाळकरी ती उचलून परत देतात. परत आलेली ओळ गेलेल्या ओळीपेक्षा मोठी असते, हे आपल्याकडे कोणाला समजावून सांगावं लागत नाही. इथे तेच झालं.

त्याच गर्दीची दुसरी बाजूही याच गाण्याला चिकटलेली आहे. 30 जून 2000 रोजी डेन्मार्कमधल्या रॉस्किल्ड महोत्सवात पर्ल जॅमच्या कार्यक्रमाच्या वेळी पुढच्या गर्दीत चेंगरून नऊ तरुण गेले. त्यानंतर त्या दौऱ्यात त्यांनी 'अलाइव्ह' वाजवलंच नाही. नोव्हेंबरमध्ये सिअ‍ॅटलला, दौऱ्याच्या शेवटच्या कार्यक्रमात ते पुन्हा वाजलं. आम्ही बैठकीत हे गाणं उभं राहून ऐकतो ते याच कारणासाठी. तुम्हाला बसायचं असेल तर बसा.

मला इंग्रजी शब्द कळत नाहीत. आले तर चालेल?

जरूर या. व्हेडरचे शब्द इंग्रजी बोलणाऱ्यांनाही नीट कळत नाहीत. तो शब्द तोंडात घोळवतो, अर्धे गिळतो.

एक आठवण सांगते. गिरगावात चाळीतल्या दोन खोल्यांत आम्ही पाच जण राहायचो. मावसभावाने, म्हणजे माझ्या दादाने, 1993 साली मला ही कॅसेट भरून दिली. घरात एकच टेपरेकॉर्डर, तोही बाबांच्या नाट्यगीतांसाठी. एका रविवारी दुपारी बाबा पेपर वाचत होते आणि मी आवाज अगदी कमी करून शेवटचं गाणं, 'रिलीज', ऐकत होते. त्याची सुरुवात आलापासारखी आहे. गिटार हळूहळू फिरत राहते आणि आवाज शब्दांआधीच वर येतो. बाबांनी पेपर खाली केला आणि विचारलं, "हा कोणाला हाक मारतोय गं?"

तेव्हा मलाही माहीत नव्हतं. नंतर वाचलं, की तालमीत बाकीचे ती चाल छेडत असताना व्हेडर जागच्या जागी ते गायला लागला, आणि ती हाक त्याच्या गेलेल्या वडिलांना आहे. बाबांना इंग्रजी कामापुरतंच यायचं. त्यांना जे ऐकू आलं ते मला अकरा गाणी पाठ असून ऐकू आलं नव्हतं.

त्या काळात मुंबईत हे पोचलं तरी कसं?

1991 मध्ये स्टार टीव्ही आला आणि त्यावर एमटीव्ही. ज्यांच्याकडे केबल होती त्यांच्या घरी शाळा सुटल्यावर गर्दी. या अल्बममधल्या 'जेरेमी' गाण्याचा व्हिडिओ मी पहिल्यांदा शेजारच्या चाळीत, दारात उभी राहून पाहिला. आत जागा नव्हती.

कॅसेट विकत घ्यायची तर काळा घोड्याचं ऱ्हिदम हाउस. तिथे छोट्या केबिनमध्ये उभं राहून ऐकून बघता यायचं, आणि आम्ही विकत घेण्यापेक्षा ऐकायचोच जास्त. 2016 मध्ये ते बंद झालं. अजूनही त्या कोपऱ्यावरून जाताना मी पलीकडच्या फुटपाथने जाते. कोऱ्या कॅसेटवर भरून घेणं हा दुसरा मार्ग. 90 मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू 45 मिनिटांची, अल्बम 53 मिनिटांचा. त्यामुळे माझ्या प्रतीत एक गाणं अर्ध्यात तुटायचं आणि दुसऱ्या बाजूला पुन्हा सुरू व्हायचं. मूळ अल्बममध्ये तिथे खंड नाही हे मला पाच-सहा वर्षांनी सीडी घेतल्यावर कळलं. आजही त्या जागी माझा हात आपोआप बाजू बदलायला उठतो.

आणि रंगभवन. धोबी तलावाला, झेवियर्स कॉलेजला लागून असलेलं ते उघडं नाट्यगृह. 1986 पासून 'इंडिपेंडन्स रॉक' भरायचं, आणि मुंबईतल्या रॉक ऐकणाऱ्यांची ती पंढरी होती. दादा मला घेऊन गेला तेव्हा मी अकरावीत होते. आईला सांगितलं होतं की नऊपर्यंत परत येतो. एका बँडने 'अलाइव्ह' वाजवायला घेतलं आणि दगडी पायऱ्यांवर बसलेले सगळे उठले. काळे टी-शर्ट, घामेजलेले चेहरे, वरून ऑगस्टची रिपरिप. शेवटी गिटारचा तो लांबलचक सोलो सुरू झाला तेव्हा गाणारा माइकवरून बाजूला झाला आणि लोक शब्दांशिवाय ओरडत राहिले. सिअ‍ॅटल नकाशात कुठे आहे हे त्यातल्या किती जणांना सांगता आलं असतं कोण जाणे. आम्हाला पाऊस माहीत होता, लोकलची गर्दी माहीत होती आणि ते वाक्य माहीत होतं. आम्ही साडेदहाला घरी पोचलो. पुढे शांतता क्षेत्राच्या नियमांमुळे रंगभवनातले कार्यक्रम थांबले.

निर्वाणा मोठे की पर्ल जॅम?

हा प्रश्न बैठकीत विचारू नका. निर्वाणा हाही त्याच काळातला अमेरिकन रॉक बँड. त्यांचा 'नेव्हरमाइंड' हा अल्बम 'टेन'नंतर महिन्याभरात, 24 सप्टेंबर 1991 ला आला, आणि धडाक्यात वर गेला. 'टेन' सावकाश चढला. बिलबोर्डच्या खपाच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर पोचायला त्याला 1992 उजाडलं. पहिला क्रमांक कधीच मिळाला नाही, पण अमेरिकेत 1 कोटी 30 लाखांवर प्रती गेल्या. मला दोन्ही लागतात, वेगवेगळ्या दिवशी.

माझी मुलगी चौदा वर्षांची आहे आणि 'जेरेमी' पुन्हा पुन्हा ऐकते. काळजी करू का?

एका आईने हा प्रश्न विचारला होता, आणि मी तो हलक्यात घेत नाही. जानेवारी 1991 मध्ये टेक्सासमधल्या एका शाळकरी मुलाने वर्गात सगळ्यांसमोर आत्महत्या केली. वर्तमानपत्रातली ती छोटीशी बातमी वाचून व्हेडरने हे गाणं लिहिलं. गाण्यात मरणाचं कौतुक कुठेही नाही. मुलाकडे लक्ष न देणारे आई-बाप आहेत आणि त्याला चिडवणारा वर्गमित्र आहे, जो आता मागे वळून बोलतो आहे.

मार्क पेलिंग्टनने केलेल्या व्हिडिओला 1993 मध्ये एमटीव्हीचे चार पुरस्कार मिळाले, त्यात वर्षातला सर्वोत्तम व्हिडिओ हाही. मूळ शेवट टीव्हीवर कापून दाखवला जायचा, त्यामुळे मुलाने स्वतःला नव्हे, इतरांना मारलं असा बऱ्याच जणांचा गैरसमज झाला. तसं नाही.

माझं मत विचाराल तर मुलीच्या शेजारी बसून एकदा ऐका आणि तिला काय वाटतं ते विचारा. गाणं बंद करू नका. तिचं बोलणं ऐकून मनात शंका आली, तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा 14416 हा सरकारी क्रमांक आहे, मराठीतही बोलता येतं. शाळेतल्या समुपदेशकांशी बोला. त्यासाठी थांबू नका.

'ब्लॅक' एवढं लाडकं असून त्याचा व्हिडिओ का नाही?

कंपनीला ते सिंगल म्हणून, म्हणजे अल्बमपासून सुटं, काढायचं होतं, बँडने नकार दिला. फार खाजगी गाणं आहे, ते दळलं जाऊ नये, असं व्हेडरचं म्हणणं. रेडिओवाल्यांनी तरी ते लावलंच आणि ते तिथेही चढलं. 'टेन'मधल्या गाण्यांनंतर तर त्यांनी 1998 पर्यंत व्हिडिओ करणंच सोडलं. त्या वेळी आम्हाला राग यायचा, कारण आम्हाला ते टीव्हीवरच भेटायचे. आता वाटतं, 'ब्लॅक'सोबत माझ्या डोळ्यांसमोर जे येतं ते माझंच आहे. पाऊस, मरीन लाइन्सचा फलाट, निघून गेलेली चर्चगेट लोकल. कोणा दिग्दर्शकाने त्या जागी दुसरं काही ठेवलं नाही हे बरंच झालं.

1991 ची आवृत्ती ऐकायची की 2009 ची?

बैठकीत 1991 चीच वाजते. पण फरक ऐकण्यासारखा आहे. मूळ मिक्सिंग, म्हणजे वेगवेगळे भरलेले आवाज एकत्र जुळवण्याचं काम, टिम पामरने इंग्लंडमध्ये डोर्किंगजवळच्या एका शेतातल्या स्टुडिओत केलं. त्यात घुमारा भरपूर आहे, सगळं एखाद्या मोठ्या देवळाच्या सभामंडपात वाजतंय असं वाटतं. (त्याच पामरने 'ओशन्स'मध्ये तालवाद्य म्हणून मिरपुडीची डबी आणि आग विझवण्याचं नळकांडं वाजवलं आहे. हेडफोन लावून शोधा.) बँडला नंतर तो घुमारा खटकू लागला. 2009 मध्ये ब्रेंडन ओब्रायनने मूळ रेकॉर्डिंगवरून सगळं पुन्हा मिक्स केलं. त्यात बेस स्पष्ट आहे, गिटारी सुट्या ऐकू येतात, आवाज जवळ आलाय.

वाजवणाऱ्यांना 2009 ची आवडते. 'जेरेमी'च्या सुरुवातीला अ‍ॅमेंटचा बारा तारांचा बेस आहे, तो तिथे जास्त नीट कळतो. मला मात्र घुमारा हवा. चाळीच्या जिन्यात आवाज असाच घुमायचा.

आणि 'यलो लेडबेटर'? ते का लावत नाही?

कारण ते अल्बमवर नाही. 'जेरेमी'च्या सिंगलच्या मागच्या बाजूला होतं. त्याचे शब्द काय, हेही विचारू नका. व्हेडर दर वेळी वेगळे गातो. आमच्यात प्रत्येकाचे आपापले शब्द आहेत आणि एकाचे तर चक्क मराठी आहेत. अल्बम संपल्यावर, चहासोबत, मागणी आली तर लावतो. मागणी नेहमी येते.

गिटार नुकतीच शिकायला लागलोय. कुठून सुरू करू?

'ब्लॅक'पासून. मुख्य भाग दोनच कॉर्डवर फिरतो, ई आणि ए. 'ईव्हन फ्लो'च्या वाटेला इतक्यात जाऊ नका, खुद्द बँडला ते मनासारखं जमेपर्यंत पन्नासाहून अधिक वेळा वाजवावं लागलं होतं. 'अलाइव्ह'चा सोलो हे तर लांबचं स्वप्न, पण त्याची वंशावळ सांगते. मॅक्रेडीने तो किस बँडच्या एस फ्रेलीच्या एका सोलोवरून घेतला, आणि फ्रेलीने तो डोअर्सच्या रॉबी क्रीगरवरून. गुरूकडून आलेली बंदिश प्रत्येक जण आपल्या गळ्यातून म्हणतो, तसंच.

पर्ल जॅम मुंबईत येणार का?

आजवर भारतात त्यांनी वाजवलेलं नाही. येतील तेव्हा तिकिटासाठी रात्रभर जागायला आम्ही सगळे तयार आहोत. तिकिटांवरून आठवलं. 1994 मध्ये गॉसर्ड आणि अ‍ॅमेंटने तिकिटांवरच्या जादा आकाराविरुद्ध अमेरिकी संसदेच्या समितीपुढे जाऊन साक्ष दिली होती. चाहत्यांच्या खिशाची इतकी काळजी करणारे लोक मला दुसरे माहीत नाहीत.

आपल्या बाजूचा एक धागा मात्र आहे. 1995 मध्ये एका चित्रपटासाठी व्हेडर आणि उस्ताद नुसरत फतेह अली खान एकत्र गायले. 'रिलीज'मधला आलाप ऐकल्यावर ती दोन गाणी ऐका, मला काय म्हणायचंय ते कळेल.

शेजाऱ्यांना त्रास होत नाही?

आम्ही संध्याकाळी सातला सुरू करतो. दहाच्या आत सगळं आवरतं. खालच्या मजल्यावरच्या काकू सुरुवातीला विचारायला आल्या होत्या की घरी काय चाललंय. मी त्यांना बसवून 'ओशन्स' ऐकवलं. तेव्हापासून त्या दर वर्षी साबुदाणावडे पाठवतात.

2025 मध्ये बैठक झाली नाही, असं ऐकलं?

झाली, तीन दिवस उशिरा. त्या वर्षी 27 ऑगस्टला गणेश चतुर्थी होती आणि आमच्यातल्या निम्म्या लोकांकडे घरचा गणपती. दीड दिवसांचे विसर्जन करून आले. एकाचा आवाज आरत्या म्हणून बसलेला होता, तरी 'अलाइव्ह'ला तो गायलाच.

येताना काय आणायचं?

काही नको. चपला दाराबाहेर, फोन बंद. ज्यांच्याकडे जुनी कॅसेट असेल त्यांनी ती आणावी, आम्ही त्या मधोमध मांडून ठेवतो. गुलाबी मुखपृष्ठ, वर उंचावलेले एकत्र हात. मागची ती मोठी लाकडी अक्षरं अ‍ॅमेंटने स्वतः तयार केली होती.

शेवटचं गाणं संपल्यावर टाळ्या वाजवल्या तर सगळे माझ्याकडे बघायला लागले. का?

कारण अल्बम तेव्हा संपलेला नव्हता. 'रिलीज' विरल्यावर थोडी शांतता आहे आणि मग शब्द नसलेला एक छोटा तुकडा वाजतो. पहिल्या गाण्याच्या आधी जो येतो, तोच. माझ्या दादाच्या वॉकमनला आपोआप बाजू बदलायची सोय होती, त्यामुळे त्याच्याकडे हा अल्बम संपायचाच नाही, शेवटाला सुरुवात जोडली जायची. दादा आता कॅनडात असतो. त्या रात्री तिथली सकाळ असते, तो फोन करतो, आणि तो तुकडा चालू असताना आम्ही दोघंही काही बोलत नाही. तो पूर्ण थांबला की मी गॅस पेटवते.